पाठ खरडलेला आयसी

माझ्या सासऱ्यांनी आमच्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या दुकानात आलेली एकही वस्तू कधी दुरुस्त न करता परत पाठवली नव्हती. त्यामुळे त्या दिवशी ते भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या बसल्या हळूच म्हणाले, "तिला सांग, होणार नाही, दुसरीकडे ने," तेव्हा माझे कान टवकारले. कुठंतरी पाणी मुरत होतं.

मी मुळातच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशीही घरातून निघताना नवऱ्याशी वाजलं होतं. आमच्या गिझरचं बटण मी मधल्या खुणेवर ठेवते आणि रोज सकाळी नळाला चटका बसेल असं पाणी येतं. नवरा म्हणतो, मी हात लावला नाही. घरात माणसं तीन, त्यातले सासरे थंड पाण्यानं आंघोळ करणारे. मग बटण काय भुतं फिरवतात? दोन वर्षं हे असं चाललं होतं आणि दोन वर्षं तो तेच एक वाक्य म्हणत होता.

पण माझ्या संशयाला खरं खतपाणी घातलं ते दुकानानं. सात वर्षं मी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून काम शिकले. शिकले म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबांची एक रीत होती. कुठल्याही बोर्डावर नवा आयसी, म्हणजे ती काळी चिप, बसवला की ते ब्लेड घ्यायचे आणि त्याच्या पाठीवरचा नंबर खरडून काढायचे, पार गुळगुळीत होईपर्यंत. हे सगळं समोरच्यासाठी. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दुरुस्तीवाला. आपला बोर्ड उद्या त्याच्याकडे गेला तर त्याला ताकास तूर लागू नये, एवढाच हेतू. दोघांचं बोलणं कधीच बंद झालं होतं. मला खटकायचं ते हे, की खरडताना बाबा माझ्याकडेही पाठ करायचे.

आणि ती वही. शर्टाच्या खिशात मावेल एवढी, निळ्या पुठ्ठ्याची. काही कामं झाली की बाबा तिच्यात दोन-चार शब्द लिहायचे आणि लगेच खिशात टाकायचे. खरडलेले सगळे नंबर त्या वहीत आहेत, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. गेल्या आठवड्यात धाकटे दीर आले, बाबांबरोबर दार लावून दोन तास बसले. त्यांना स्वतःचं दुकान काढायचंय हे मला नवऱ्याकडून कळलं होतं. म्हणजे वही तिकडे जाणार आणि मी इथे आयुष्यभर वायरी सोलत बसणार. मी कुणाला काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून बाबांच्या खिशावर माझं लक्ष होतं.

तर त्या दिवशी सकाळी दहाला मावशी आली. ही कुणाचीच सख्खी मावशी नाही. अंडी उबवून कोंबडीची पिल्लं विकते, म्हणून सगळा रस्ता तिला पिल्लांची मावशी म्हणतो. तिनं टॉवेलात गुंडाळलेला बोर्ड टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसली. उबवणीचं मशीन सकाळी आठला बंद पडलं होतं. आत बाराशे अंडी होती आणि त्यांचा सतरावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. मशीनवर तिनं घरातली सगळी पांघरुणं टाकली होती, तरी दुपारी तीन-चारपर्यंत ऊब मिळाली नाही तर सगळा घाणा टाकून द्यावा लागेल, असं ती म्हणाली. म्हणताना तिचा आवाज नीट होता, पण ती टॉवेलाची घडी पुन्हापुन्हा घालत होती.

बाबांचं तीनच दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा आधीच अधू. डॉक्टरांनी वाकायला आणि बारीक कामाला सक्त मनाई केली होती, म्हणून ते गिऱ्हाइकांच्या बाजूला आणि मी त्यांच्या खुर्चीत. मावशीचा आवाज ऐकला तसं त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. ती पाणी प्यायला मागे गेली तेव्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं, की होणार नाही म्हणून सांग.

मी सांगितलं नाही. उलट मावशीला म्हणाले, तुम्ही घरी जाऊन मशीनजवळ बसा, मी घेऊन येते.

ती निघाली, पण जाता जाता तिचं नेहमीचं गाऱ्हाणं सुरू झालंच. आधीच पिल्लं कमी निघतात, त्यात हे. पूर्वी शंभरात पंच्याऐंशी निघायची, आता साठावर आली, बाकीची कवचातच मरतात. अंडी तिचा धाकटा भाऊ पुरवायचा. तो शिळी अंडी घालतो असा तिला संशय आला, त्यानं नाही म्हटलं, शब्दानं शब्द वाढला आणि तीन वर्षांपूर्वी तिनं त्याला उंबरा ओलांडू नकोस म्हणून सांगितलं. भाचीच्या लग्नालाही गेली नाही. त्यानंतर तिनं तीन अंडीवाले बदलले आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तिघेही लबाड निघाले. हे सगळं मी आधी चारदा ऐकलं होतं. बाबांनीही ऐकलं होतं, आमच्याच दुकानात, चहा पिता पिता.

मी भिंगाखाली बोर्ड धरला. मधोमध आठ पायांचा एक काळा आयसी, एका कडेला तडकलेला आणि पाठ खरडलेली. गुळगुळीत. हे काम कुणाचं ते मला विचारायची गरज नव्हती.

"बाबा, हा तुम्ही बसवलाय. नंबर काय होता?"

ते म्हणाले, आठवत नाही. मी म्हटलं, वहीत बघा. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. वहीत नाही, असं ते म्हणाले. न उघडताच कसं कळलं, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. बाराशे अंडी गार होत होती आणि सासऱ्यांशी वाद घालायला पुढे आयुष्य पडलं होतं.

मग मी पायांवरून शोधायला लागले. खरडणारा नंबर खरडतो, पाय कुठे जातात ते खरडता येत नाही. आठव्या पायाला वीज येत होती, चौथा जमिनीला. दुसऱ्या-तिसऱ्या पायावर उष्णता मोजणारा मणी आणि बटणाकडची वायर, म्हणजे हा आयसी दोन्हींची तुलना करून पहिल्या पायावाटे निर्णय देत होता: तापव किंवा थांब. अशा जागी बसणारे दोन नेहमीचे आयसी आहेत, ३५८ आणि ३९३. दिसायला सारखे, पायही सारख्याच जागी. स्वभाव मात्र वेगळा. ३५८ पहिला पाय स्वतःच वर ढकलतो आणि स्वतःच खाली ओढतो. ३९३ फक्त खाली ओढतो. त्याला वर न्यायला बाहेरून एक रेझिस्टर लावून द्यावा लागतो.

मी पहिल्या पायापासून तांब्याच्या रेघेवरून मीटरच्या वायरीचं टोक सरकवत गेले. रेघ एका रेझिस्टरपाशी थांबली आणि त्या रेझिस्टरचं दुसरं टोक थेट विजेला जोडलेलं होतं. कारखान्यानं तो हौसेनं लावलेला नव्हता. या बोर्डाला ३९३ हवा होता.

मी मनातून खूश झाले. सात वर्षांत पहिल्यांदाच खरडलेल्या पाठीमागचं काहीतरी मी स्वतः वाचलं होतं. मी डबा उघडला, ३९३ दोन होते. तेवढ्यात बाबा मागून म्हणाले,

"३५८ टाक."

मी वळून पाहिलं. पट्टी बांधलेला चेहरा रस्त्याकडे होता.

"आठवलं का?" मी विचारलं.

"आठवलं. ३५८ होता. तोच टाक, लगेच चालू होईल."

सात वर्षांत ज्या माणसानं मला एक नंबर दिला नव्हता, तो आज न मागता देत होता, आणि तोही चुकीचा. माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. आधी काम परत पाठवायला सांगितलं, ते जमलं नाही म्हणून आता चुकीचा आयसी. मी बसवणार, मशीन नीट चालणार नाही, मावशी रस्त्यावर बोंब मारणार, आणि मग सगळे म्हणणार, सुनेला जमत नाही, दुकान धाकट्याकडे द्या. खरं सांगते, मला रडू येत होतं. जेवताना यांच्या ताटात पहिली पोळी वाढणारी मी, आणि माझ्याशी हा डाव.

पण मी नुसत्या संशयावर थांबणारी नाही. पुरावा हातात असला की भांडायला बरं पडतं. मी तडकलेला आयसी सोल्डर ओढून अलगद काढला. या आयसीच्या पोटात दोन वेगळे भाग असतात. जळला होता तो एक, दुसरा कदाचित जिवंत असेल. मी तो चाचणीच्या पट्टीवर बसवला, नऊ व्होल्टची बॅटरी लावली, रेझिस्टर मुद्दामच लावला नाही आणि सातव्या पायाला मीटर टेकवला. ३९३ असता तर तिथे काहीच यायला नको होतं. मीटरनं साडेसात दाखवले. दुसऱ्यांदा लावला, पुन्हा साडेसात.

म्हणजे बाबा खोटं बोलले नव्हते. तिथे खरंच ३५८ होता.

मी मीटर खाली ठेवला. मग दुसरी गोष्ट कळायला लागली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. ३५८ वर ढकलतो, पण पूर्ण वर ढकलत नाही, थोडा कमी पडतो. नऊतले साडेसातच. या बोर्डावर तेवढं कमी पडलं की थांब म्हटल्यावरही हीटर चालू-बंद करणारा रिले लगेच सुटत नाही. हीटर चालूच राहतो, मग कधीतरी सुटतो. गार दिवसांत चालून जातं. गरम दुपारी आतली अंडी शिजायला लागतात.

"बाबा," मी म्हटलं, "बोर्डाला ३९३ हवा होता. तुम्ही ३५८ घातलात. किती वर्षं झाली?"

त्यांनी पट्टीची कड चाचपली. मग म्हणाले, पाच. त्या दिवशी ३९३ संपला होता, बाजारातला माणूस आठ दिवसांनी देतो म्हणाला. अंडी तेव्हाही आत होती. हाताला ३५८ लागला, घातला, मशीन चालू झालं.

"आणि आठ दिवसांनी?"

"आठ दिवसांनी ती इथे आली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, की असा हात दुसरा नाही. समोरचाही ऐकत होता. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की बाई, थांब, मी तात्पुरतं केलंय?"

"ती येऊन सांगत होती ना, पिल्लं मरतात म्हणून. भावाला तोडलं तिनं. तुम्ही इथे बसून चहा पीत होतात."

"होय."

"तुम्हाला शंका नाही आली?"

"आली होती," बाबा म्हणाले. "पण नंबर खरडलेला होता. कुणाला कळणार होतं?"

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण सोल्डरचं आयर्न तापलेलं होतं. मी ३९३ बसवला, आठही पाय भिंगाखाली तपासले, बोर्ड टॉवेलात गुंडाळला. साडेबारा वाजले होते. निघताना बाबांनी चाचपडत खणातून ब्लेड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाले, वरचं खरडून जा. मी ब्लेड घेतलं नाही.

मावशीच्या घरामागच्या खोलीत ते मशीन होतं, कपाटाएवढं, चादरी आणि रजयांखाली झाकलेलं. मी बोर्ड लावला, वीज दिली. हीटर लाल झाला. आम्ही दोघी थर्मामीटरसमोर उभ्या राहिलो. आतलं तापमान चौतीसवर उतरलं होतं. पस्तीस, छत्तीस, चढायला पाऊण तास गेला. साडेसदतीसला रिले टक्‌ करून सुटला आणि हीटर विझला. थोड्या वेळानं पुन्हा टक्‌, पुन्हा चालू. एक अंशही इकडेतिकडे नाही.

मावशी कान देऊन ऐकत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हे असं चटकन कधी सुटत नव्हतं," ती म्हणाली. "आधी रेंगाळायचं. मी एकदा तुझ्या सासऱ्यांना म्हटलंही होतं. ते म्हणाले, उन्हाळ्यात होतं असं." तिचे डोळे बारीक झाले. "काय बदललंस तू?"

संशय कसा दिसतो ते मला आरशाशिवाय त्या दिवशी पाहायला मिळालं. मी तोंड उघडलं आणि बाहेर स्कूटर थांबली.

समोरच्याची स्कूटर. तो चालवत होता आणि मागे त्याच्या खांद्याला धरून बाबा बसले होते, डोळ्यावर पट्टी, अंगात दुकानातलाच शर्ट. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही ते दोघं एका गाडीवर. मला वाटलं, संपलं, दोघांनी मिळून काहीतरी शिजवलंय. बाबा नंबर खरडायला आलेत आणि मला खोटं पाडायला साक्षीदार घेऊन आलेत.

समोरचा बाहेरच थांबला. बाबा भिंतीला हात लावत खोलीत आले. त्यांनी मला विचारलं, चालू झालं का. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "आयसीवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

"३९३."

"मावशी," ते म्हणाले, आणि अंदाजानं तिच्या दिशेला वळले, "पाच वर्षं इथे चुकीचा तुकडा होता. मी बसवला होता. मला माहीत होतं. तुझ्या भावाची अंडी चांगली होती."

मावशीनं ट्रेमधलं एक अंडं उचललं आणि त्यामागे टॉर्च लावली. अंड्याचा बहुतेक भाग गडद होता, वरच्या कडेला उजेडाचा पट्टा. त्या कडेला काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. तिनं दुसरं पाहिलं, मग तिसरं. दहा-बारा पाहून झाल्यावर टॉर्च बंद केली.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. मग बाबांकडे न पाहता म्हणाली, "तो म्हणत होता, ताई, कालचीच अंडी आहेत. स्वतःच्या पोरांची शपथ घेतली त्यानं. मी त्याला म्हटलं, शपथाही शिळ्याच घेतोस."

बाबा म्हणाले, मी त्याला जाऊन सांगतो. मावशी म्हणाली, आज जा. तो ऐकून घेईल की नाही ते तिला माहीत नव्हतं, आणि स्वतः त्याच्याशी काय बोलायचं तेही माहीत नव्हतं. बाबांना तिनं बसा म्हटलं नाही. पाणी मला दिलं, त्यांना नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाहेर आल्यावर समोरचा मुकाट्यानं स्कूटर चालू करायला लागला. मी त्याला विचारलंच, तुम्ही कसे काय. तो म्हणाला, तुझे सासरे रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, मला नीट दिसत नाही, एका ठिकाणी नेऊन सोड. एवढंच. त्याला आत काय झालं ते माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही.

बाबांनी खिशातून ती निळी वही काढली आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली खरी, पण लगेच म्हटलं, धाकट्या भाऊजींना नकोय का? ते म्हणाले, त्याला दाखवली होती, त्या दिवशी दार लावून. त्याला म्हटलं, दुकान काढणार आहेस तर आधी माझी ही कामं निस्तरायला मदत कर. तो म्हणाला, बाबा, जुनी मढी कशाला उकरता.

मी वही उघडली. तिच्यात गुपितं नव्हती. एकेका ओळीत एकेक घर किंवा दुकान, काय बिघडलं होतं, काय बसवायला हवं होतं आणि त्याऐवजी काय बसवलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शब्द: तात्पुरतं. मावशीची ओळ तिसऱ्या पानावर होती, तारखेसकट. सगळ्या मिळून एकतीस ओळी. काही खोडलेल्या होत्या, बहुतेक नाही.

"डोळा बरा झाला की एकेक करून जाईन," बाबा म्हणाले.

"डोळ्याची वाट बघत बसू नका," मी म्हटलं. "तुम्ही पत्ते सांगा, मी बसवते. आणि खरडायचं नाही."

ते हो म्हणाले. माझा राग गेला नव्हता, अजूनही पूर्ण गेलेला नाही. पण ते स्कूटरवर बसताना मी त्यांचा दंड धरला, कारण पायरी त्यांना दिसत नव्हती. समोरचा त्यांना घेऊन थेट मावशीच्या भावाकडे गेला आणि मी वही वाचत चालत निघाले. संशयी माणूस यादी शेवटपर्यंत वाचतो.

शेवटून दुसरी ओळ दोन वर्षांपूर्वीची होती. आमच्याच घरचा पत्ता. गिझर, बटणामागचा सेन्सर, त्याऐवजी जुना एक जोडला आहे, पाणी थोडं जास्त तापेल, तात्पुरतं.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. मी हात लावला नाही, असं नवरा दोन वर्षं सांगत होता, आणि त्या दिवशी सकाळी तर मी त्याला म्हटलं होतं की तुझ्यासारखा खोटारडा माणूस मी पाहिला नाही. तो साडेसहाला घरी येणार होता. दुकानात जाऊन मी आधी तो सेन्सर शोधला, खिशात टाकला, आणि मग त्याला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत बसले. एकही नीट जुळेना.